निम्मा उजेड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संकेत होगाडे खाटेवरून उठायला गेला आणि मट्कन खाली बसला. उजवा गुडघा टम्म सुजला होता. रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार घेऊन वाढलेल्या माणसाला अशा सुजेचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. आत रक्त झिरपत होतं.

"काल पान खाल्लंस ना?" त्याच्या बायकोनं, प्रणोतीनं विचारलं.

"तुझ्यासमोरच तर खाल्लं. अण्णांनी हातावर ठेवलेलं."

इचलकरंजीत हा आजार आता सुईनं नव्हे, पालेभाजीनं आवरला जात होता. चंदनबटव्याच्या जनुकांत रक्त गोठवणारं प्रथिन बनवण्याची कला बसवली होती. रोज एक ताजं पान चावून खाल्लं की दिवसभराची निश्चिंती. मात्र पान मोठं मानी. भरपूर लाल प्रकाश मिळाला तरच ते औषध बनवायचं. तो कमी पडला, की बनवलेलं औषधही काही तासांत मोडून खायचं आणि वर हिरवंगार दिसत राहायचं. खुडलेल्या पानात मात्र असलेलं औषध दोन दिवस टिकायचं. म्हणून सदाशिवअण्णा रोपळे यांच्या यंत्रमागाच्या जुन्या शेडमध्ये ते उन्हासारख्या प्रकाशाच्या दिव्यांखाली वाढवत. ते दिवे प्रणोतीनं निवडले होते आणि तिला त्याचा अभिमान होता.

संकेतला भावाबरोबर दवाखान्यात धाडून ती शेडवर गेली. प्रकाशातला एकेक रंग वेगळा मोजणारा वर्णपटमापक तिनं वाफ्यांवर धरला. लाल रंग पुरेपूर होता. दिव्यांत खोट नाही म्हणून तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याचीच लाजही वाटली.

"अण्णा, गेल्या दोन-तीन दिवसांत इथं काही वेगळं केलं होतं का?"

"वेगळं काय करतोय? खंडेनवमीला दिवे निम्म्यावर आणलेले, तेवढंच. हत्यारांची पूजा करायची आन् त्यास्नीच राबवायचं व्हय? आमच्या बापजाद्यांनी त्या दिवशी माग चालवला न्हाई. पर पाल्याला अंधार कसा करू? म्हणून दिव्यांची वीज कमी-जास्त करणाऱ्या चोकचं बटण निम्म्यावर फिरवलं, ते दसऱ्याला पानं खुडल्यावर परत पुरं केलं. तुला फोन केलता की, पोरी. चालंल म्हणालीस."

प्रणोतीला आठवलं. ती कडाकण्या तळत होती, फोन खांद्यानं कानाशी धरला होता. निम्मा उजेड म्हणजे प्रत्येक रंग निम्मा, एवढाच हिशेब तिच्या मनात आला होता. एका दिवसानं काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं.

तिनं एका दिव्याच्या चोकचं बटण फिरवलं. उजेड उतरला आणि हळूहळू त्यातली ऊबही गेली. अण्णांचा पांढरा सदरा हिरवट-निळा दिसू लागला. मापकावरची लाल रेघ निम्म्यावर थांबली नाही, पार तळाला गेली.

"असं कसं गं?" अण्णांनी विचारलं.

"दिव्याच्या पोटात धातूंचे क्षार आहेत, अण्णा. पुरता तापला तरच त्यांची वाफ होते. वीज कमी केली की लाल रंग देणारे क्षार आधी थिजतात. चोक उजेड कमी-जास्त करणारा आहे, पण दिवा त्या जातीचा नाही."

बसवताना तिनं वॅट जुळवले होते, होल्डर जुळवला होता, छत्तीस गुण जुळले म्हणून थट्टाही केली होती. मंद झाल्यावर हा दिवा कसा वागेल, ते मात्र तपासलं नव्हतं. दिवे मंद करायची वेळच कधी येणार नव्हती ना!

अण्णा वाफ्याच्या कडेला टेकले. दसऱ्याला गावोगावचे रुग्ण शेडवर येत. आपट्याऐवजी अण्णा प्रत्येकाच्या हातावर त्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशीचं पान ठेवत आणि म्हणत, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

"म्हंजे काल मी समद्यांच्या हातावर नुसता पाला ठेवला? माझ्या हातानं?"

"तुम्ही विचारलं होतं, अण्णा. विचार न करता हो म्हणाले ते मी." तिनं फोन बाहेर काढला. "रडायला नंतर बसू. आधी सगळ्यांना फोन लावू."

दोघांनी फोन वाटून घेतले. कुणी घाबरलं, कुणी शिव्या घातल्या. प्रणोतीनं त्या ऐकून घेतल्या आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, पानावर विसंबू नका, इंजेक्शन घ्या. मग तिनं कुरुंदवाडच्या आक्काताई मगदुमांना फोन लावला. त्यांचा थोरला मुलगा पान खात असे.

"ताई, बरा फोन केलास," आक्काताई म्हणाल्या. "दवाखान्यातच हाय. दादाची अक्कलदाढ काढायला आत्ताच आत नेलंय. डॉक्टरांनी पान खाल्लंय का म्हणून दोनदा इचारलं. मी म्हटलं, रोपळे अण्णांच्या हातचं दसऱ्याचं पान हाय, बिनघोर काढा. का गं, काय झालं?"

"आक्काताई, दार वाजवा! त्यांना थांबवा, पानात औषध नाही!"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, मग दारावर थापा ऐकू येऊ लागल्या. अण्णा हात जोडून उभे राहिले होते.

"आक्काताई," प्रणोती पुन्हा पुन्हा विचारत होती, "दार उघडलं का? आक्काताई, उघडलं का कुणी?"