खोडलेल्या खुणा

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात खोडरबर होतं आणि टेबलावर माझ्या बाबांची वही होती. कोरी करकरीत!

बॅलेच्या तालमीला एकटा पियानो असतो. तीस वर्षं तो बाबांनी वाजवला, आता मी वाजवते. त्या वहीतला बॅले तर एका नामांकित संगीतकाराचा, पण कुणी ढुंकून न पाहिलेला. बाबांचा मात्र त्यावर जीव. छापील स्वरांच्या वर पेन्सिलीने लिहून ठेवायचे – ‘उडी मोठी, थांब’, ‘दमलीय, हळू’.

आणि खोडरबरवाला हा संगीतसंग्रहातला नवा कारकून. परत आलेल्या वह्यांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून त्या स्वच्छ करायच्या, हे त्याचं काम.

“चार दिवस लागले,” तो वर हसून म्हणाला. “फार खुणा होत्या हो...”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “माझे बाबा होते ते. गेल्या वर्षी गेले.”

त्याचा चेहरा पडला. मी दार आपटून निघाले. वही परतीच्या गठ्ठ्यात मीच चुकून ठेवली होती. म्हणून तर राग दुप्पट.

आठवडाभर मी वहीशिवाय, नुसत्या आठवणीवर वाजवलं आणि चुकले. नर्तकी अजून हवेतच असायच्या आणि मी पुढे गेलेली असायचे, नृत्यशिक्षिका डोळे वटारायच्या. दर चुकीला मी त्याला मनात एक शिवी हासडली.

आठव्या दिवशी तो वही घेऊन तालमीला आला. वहीत सगळ्या खुणा परत होत्या... बाबांच्याच अक्षरात. बाबा पेन्सिल दाबून लिहायचे. कागदावर उठलेले वळ त्याने खिडकीशी वही तिरकी धरून शोधले आणि एकेक गिरवला.

“असं संगीत कपाटात पडून राहतं, याचाच आता मला राग येतो,” तो म्हणाला. “एक खूण मात्र कळली नाही. उजव्या पानांच्या तळाशी हा बारीक गोल...”

मी त्या गोलावर बोट टेकवलं. “तिथे बाबा मान हलवायचे. मी शेजारी बसून पान उलटायचे.”

“आणि आता कोण उलटतं?”

“कुणी नाही. आणि माझा राग गेलेला नाहीये.”

“दिसतंय ते.” त्याने खिशातलं खोडरबर काढून पियानोवर ठेवलं.

ते मी माझ्या पर्समध्ये टाकलं. डावीकडचं स्टूल पायाने पुढे ढकललं.

“बस,” मी म्हणाले. आत्तापर्यंत अहो-जाहो होतं, ते कुठे गेलं कोण जाणे.

मी वाजवू लागले. पान संपत आलं, गोल दिसला... आणि मी मान हलवली.