नऊ हजार चारशे सातवी

तुम्ही तो संपर्क खोडलात. रेडिओ स्पर्धेची समिती म्हणून टेबलाभोवती बसलात, चहा प्यायलात आणि एका ओळीवर रेघ मारून मोकळे झालात. कारण काय दिलंत? 'संपर्काच्या वेळी संबंधित ऑपरेटर हयात नव्हता.' बस, एवढंच. जणू हयात नसणं ही त्या माणसाची हलगर्जी होती. जणू अर्जाला एखादा कागद जोडायचा राहून गेला होता.

रेघ मारताना ऐकलं नाहीत, आता ऐका. झालं ते सांगतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर तुमच्याखेरीज कुणाकडे नाही.

त्या माणसाला सगळे 'काटा' म्हणायचे. मालधक्क्याबाहेरच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. ट्रक लोखंडी फळीवर उभा राहायचा, आत खिडकीशी सुई थरथरून थांबायची आणि ती दाखवेल तो आकडा हे मोठ्यानं वाचायचे. ट्रकवाले गयावया करायचे, कधी आईबहीण काढायचे. उत्तर ठरलेलं असायचं, "सुई बोलते ते मी बोलतो. भांडायचंय तर तिच्याशी भांड."

संध्याकाळी घरी आले की रेडिओ. हौशी लोकांचा रेडिओ, आपण बोलायचं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसानं उत्तर द्यायचं. गच्चीवर एक तार, कोपऱ्यातल्या टेबलावर मशीन आणि बोटांखाली मोर्स वाजवायची पितळी कळ. घरात तिला 'टकटक्या' म्हणत. पुतणीला मुळाक्षरांबरोबरच त्यांनी ठिपके आणि रेघा शिकवल्या होत्या. ती पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागली, पण शाफ्टमध्ये लोंबकळतानाही तिची बोटं मांडीवर मोर्स वाजवत असत.

या खेळात रिवाज असा की भेटलेल्या माणसाला त्याचा आवाज किती जोरात येतोय ते सांगायचं. नऊ म्हणजे पूर्ण. स्पर्धेत मात्र सगळे सगळ्यांना डोळे मिटून नऊ देतात. समोरचा मरतुकडा येत असो की कानठळ्या बसवत असो, नऊ दिले की चालले पुढे. तुम्हीही देता. काकांनी कधी दिले नाहीत. मशीनची सुई चारवर तर चार, सहावर तर सहा.

पुतणी म्हणायची, "काका, अहो सगळे देतात!"

"सगळे देतात म्हणून मी खोटं वजन लावू? आपली तार ती केवढी, कपडे वाळत घालण्याच्या लायकीची. तिच्यावर कुणाचे नऊ येणार आहेत?"

आतून काकू म्हणायच्या, "मला तरी कधी दिलेत का? इतकी वर्षं राबतेय, सातच्या वर नेलं नाही मेल्यानं."

"साडेसात," काका म्हणायचे.

जगातले सगळे देश, सगळी सुटी बेटं काकांना मिळाली होती, म्हणजे तिथल्या कुणाशी तरी संपर्क झाला होता. एक सोडून. दक्षिणेकडच्या पार तळाच्या समुद्रातला तो एक काळा खडक. झाड नाही, माणूस नाही. कुणी मशीन घेऊन तिथे उतरेल तेव्हाच तिथून आवाज येणार. काकांनी अर्धं आयुष्य त्या खडकाची वाट बघितली, आणि आता फुप्फुसं जाब विचारायला लागली होती. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची धरली होती.

म्हणून त्या खडकावर निघालेल्या मोहिमेत पुतणी गेली. रजा घेतली, बोटीत ओकत ओकत गेली. आणि यातली मेख बघा. जो तिथे जातो तो ते बेट साऱ्या जगाला वाटतो, पण त्याला स्वतःला ते मिळत नाही. आपण उभे आहोत त्या जागेशी संपर्क कसा करणार? तिच्याही यादीत तेवढं एकच उरलं होतं. ते तिनं काकांसाठी पायाखाली घालवलं.

निघताना तिनं विचारलं, "गर्दी फार असेल. कितीदा हाक द्याल?"

"एकदाच," काका म्हणाले. त्यांची पद्धतच तशी. लोक आपली खूण, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, तीन-तीनदा बडवतात, हे एकदा वाजवून थांबायचे. "दार एकदा वाजवावं. घरात माणूस असला तर उघडतो."

खडकावर सगळे उतरले. चहूकडे पाणी आणि त्यात हा एवढासा दगड, त्यावर हजारो पांढरे पक्षी. वारा असा की उभं राहून चहा पिता येत नव्हता, बशीतला चहा शेजाऱ्याच्या अंगावर जायचा. मोहिमेचे प्रमुख धंद्यानं दातांचे डॉक्टर. अँटेनाचा खांब रोवताना म्हणाले, "एवढं घट्ट रोवलेलं फक्त अक्कलदाढेतच बघितलंय." तंबू उभे राहिले, जनरेटर धडधडायला लागला आणि स्पर्धा सुरू झाली.

त्या खडकावरून हाक गेली की काय होतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मंडईत सगळ्या विक्रेत्यांनी एकाच श्वासात ओरडावं तसं. शेकडो मोर्स एकमेकांवर चढलेले. त्यातून एक हात ओळखायचा, त्याला उत्तर द्यायचं, नऊ द्यायचे, आपला हा कितवा संपर्क तो क्रमांक द्यायचा, त्याचा क्रमांक घ्यायचा, 'धन्यवाद, पुढचा' म्हणायचं. दोन श्वासांत एक माणूस संपला पाहिजे. क्रमांक चढता असतो, एकापासून सुरू होणारा. समोरचा आत्तापर्यंत किती जणांना भेटलाय ते त्यावरून कळतं.

घराकडचा मार्ग फक्त सूर्य मावळताना थोडा वेळ उघडायचा. पहिल्या संध्याकाळी तिनं कान फाटेस्तोवर ऐकलं. काका नव्हते. तार छोटी, छाती थकलेली. उद्या, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती पाळीवर होती. ऊन लख्ख. या वेळी घराकडचा रस्ता ठार बंद असतो, हे पोरंसोरंही सांगतील.

आधी तिला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू आला. तिचंच मोर्स पृथ्वीला वळसा घालून तिच्या पाठीमागून येत होतं. यात नवल नाही, अधूनमधून होतं असं. पण प्रतिध्वनी पुसट असतो आणि विरतो. हा दर हाकेला स्पष्ट होत होता. जणू कुणीतरी तो हातात घेऊन, पुसून परत ठेवत होतं.

मग गर्दी विरळ झाली.

तिला वाटलं, मार्ग बंद होतोय. पण तसं होताना आवाज बुडतात, हेलकावतात. इथे कुणी बुडत नव्हतं. एकेक जण कळेवरून हात उचलत होता. उत्तरेचे थांबले. पूर्वेचे थांबले. लांबचा एक दांडगा स्टेशनवाला, जो कुणाच्या बापाला ऐकत नाही, तो आपली खूण अर्धीच वाजवून गप्प झाला.

तिनं पुन्हा हाक दिली. 'पुढचा?'

कुणीही नाही.

स्पर्धेच्या ऐन दुपारी, ज्या खडकासाठी जग वर्षानुवर्षं रांगेत उभं आहे, त्याच्या हाकेला एकही उत्तर नाही. तिनं केबल तपासली. ठीक होती. कानातली नेहमीची खरखरसुद्धा गेली होती. सुई तळाला आडवी पडली होती. तंबूच्या फटीतून तिला पक्षी दिसले. सगळे बसले होते. उडणारा एकही नव्हता, आणि वारा पडला होता.

तिला भीती वाटली नाही. खूप मोठ्या घुमटाखाली चुकून शिरलेल्या माणसाला वाटेल तसं वाटलं. आपला श्वास इथे फार मोठा आहे, असं.

मग सुई उठली. सावकाश उठली आणि उजव्या टोकाला जाऊन टेकली.

एक खूण वाजली. एकदाच.

तिसरा ठिपका लंगडत आला. वजनकाट्याच्या फळीखाली काकांचा अंगठा चेंगरला होता, तेव्हापासून त्यांचा तिसरा ठिपका लंगडा. तो हात तिनं झोपेतही ओळखला असता.

तिनं अँटेनाचा दोर ओढून ती घरापासून फिरवली. सुई हलली नाही. पार उलटी केली. सुई हलली नाही. आवाज कुठल्याही दिशेनं येत नव्हता. तो होता.

तिच्या बोटांनी त्यांची खूण वाजवली, नऊ दिले, आपला क्रमांक दिला.

उत्तर आलं. नऊ.

आयुष्यात कुणालाही न दिलेले पूर्ण नऊ. त्यामागे क्रमांक: नऊ हजार चारशे सात.

तिला वाटलं चुकलं. काकांनी उभ्या आयुष्यात एका स्पर्धेत तीन-चारशेंची मजल गाठली नव्हती. तिनं विचारलं, 'क्रमांक पुन्हा?'

नऊ हजार चारशे सात. शांतपणे, तोच लंगडा ठिपका.

आणि मग बोटांनी घात केला. हजारो वेळा जे केलं तेच केलं. 'धन्यवाद, पुढचा.'

पलीकडून एक ठिपका आला. निरोपाचा. मग खरखर, वारा, आणि शेकडो जण एका दमात तुटून पडले.

ती हसत मागे वळली. डॉक्टर तंबूच्या दारात उभे होते. स्पीकर चालू होता.

"डॉक्टर, ऐकलंत? काका! भरदुपारी! आणि नऊ दिले हो मला!"

"ऐकलं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात सॅटेलाइट फोन होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मग तोंड का असं?"

"बाई, सकाळी तुमच्या काकूंचा फोन आला होता. पाळी संपली की सांगणार होतो." ते खाली दगडावर बसले. "काका उजाडतानाच गेले."

तिनं नोंदवहीत नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी त्यांना पुढचा म्हटलं."

तिनं फोन लावला. काकू रडून कोरड्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "मशीनचा प्लग मी सकाळीच काढला, बाळ. घरात माणसं यायची, वायरीत पाय अडकायचा कुणाचा. पण सुई उभीच होती गं. टोकाला टेकलेली. मी फडकं टाकलं वर. मघाशी काढून बघितलं तर पडली होती."

आता तुम्ही म्हणाल, खोडसाळ कुणीतरी. म्हणा. तिनंही आधी तेच म्हटलं. परतल्यावर तिनं त्या दुपारी रांगेत असलेल्यांना एकेक करून गाठलं. निरनिराळ्या देशांतली माणसं, एकमेकांना न ओळखणारी. का थांबलात? सगळ्यांचं एकच उत्तर. कुणीतरी अगदी शेजारच्या खोलीतून वाजवावं इतक्या जवळून कुणीतरी वाजवत होतं. काय ते कळलं नाही. एवढंच कळलं की आपली पाळी नाही. तो दांडगा स्टेशनवाला म्हणाला, "मी उभा राहिलो होतो. का, ते विचारू नका."

संपर्क खोडलात, खोडा. काकांना ते बेट मिळालं की नाही ते तुमच्या कागदावर ठरत नाही. पण एक गोष्ट तुमच्याकडेच आहे. जगातल्या प्रत्येक स्पर्धकाच्या नोंदी तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही त्या एकमेकींशी ताडून बघता. बघितल्यात. काकांची खूण त्या सगळ्यांत एकाच ठिकाणी आहे, पुतणीच्या नोंदीत. दुसऱ्या एकाही जिवंत माणसाकडे नाही.

आणि या माणसानं जन्मात कधी खोटा आकडा वाचला नाही. ट्रकला नाही, बायकोला नाही, कुणालाच नाही.

पहाटे ते गेले, दुपारी तिला भेटले. ती नऊ हजार चारशे सातवी.

मधल्या वेळात त्यांच्या हाकेला उत्तर देणारे आधीचे नऊ हजार चारशे सहा जण कोण होते? उत्तर द्या.