खुलासा छापू नका

तो कसा पडला हे मीच सांगते, कारण दोन्ही पेपरांनी ते धड सांगितलं नाही.

हिंगोलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानाच्या वजनकाट्यावर मी कामाला आहे. पुसेगावहून रोज एसटीनं येते-जाते. त्या दुपारी बाजारात एक मोकाट सांड घुसला आणि सगळे पळाले... एक सोडून. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक सावळा, उंच पोरगा गुडघ्यावर बसून खुशाल फोटो काढत होता. सांड त्याच्याकडं वळला तरी ह्याचा डोळा कॅमेऱ्यालाच! मी कॉलर धरून असा हिसका दिला की आम्ही दोघंही हळदीच्या ढिगात. त्याच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणतो कसा, "फोटो हलला ना..." असा राग आला म्हणता! आणि, खरं सांगते, हसूही.

संध्याकाळी सांजपेपर आला. पहिल्या पानावर कुणीतरी मोबाइलवर काढलेला आमचा फोटो, वर बोटभर जाड अक्षरं: 'प्रेयसीने प्रियकराला सांडाच्या शिंगांवरून ओढले!' खाली माझं नाव, माझं गाव. सकाळी मोठा पेपर आला. त्यात आतल्या पानावर चार ओळी: 'मोकाट जनावरामुळे बाजारात गोंधळ. युवतीच्या प्रसंगावधानाने वार्ताहर बचावला.' नाव नाही, गाव नाही, फोटो नाही.

आमच्या बाबांना, सटवाजींना, प्रेमाचं वावडं नाही; खोट्याचं आहे. माझ्या लेकराबद्दल खोटं छापलंच कसं, म्हणून ते दोन घास धड जेवले नाहीत. शेवटी सांगून टाकलं की रविवारपर्यंत सांजपेपरात खुलासा आला तर काम चालू, नाहीतर घरी बस. ती नोकरी मी भांडून मिळवली होती.

दोन्ही पेपर काखेत मारून मी निघाले. सांजपेपरवाल्याला फैलावर घ्यायचं आणि मोठ्या पेपरवाल्याचे आभार मानायचे होते. दोघांचा पत्ता एकच निघाला: डेपोसमोरचं झेरॉक्सचं दुकान. आत टेबलाशी तोच पोरगा! रत्नपाल त्याचं नाव. आमच्याकडं हे असंच असतं, एकच वार्ताहर दोन्ही पेपरांना बातमी धाडतो आणि पुढं जो तो आपापल्या परीनं तिला सजवतो.

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं निमूट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि खुलासा पाठवतो म्हणाला. पण खुलासा काही आला नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्याही. एसटी यायच्या आधी तो दोन्ही पेपर शेजारी शेजारी पसरायचा. मोठा म्हणायचा, 'हळदीच्या दरात किरकोळ घसरण'; सांजपेपर म्हणायचा, 'हळद रुसली!' मोठ्यात 'बिबट्यासदृश प्राणी दिसल्याची चर्चा', तर सांजपेपरात 'बिबट्या आला रे आला!' मी हसून हसून बेजार व्हायचे. तो मात्र पेपर सोडून माझ्याकडं बघत बसायचा. दोन एसट्या माझ्या अशाच गेल्या.

शुक्रवारी मी निक्षून विचारलं, खुलासा अडलाय कुठं? त्यानं पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"त्या दिवशी ऑफिसातून मला फोन आला होता," तो म्हणाला. "'प्रियकर लिहू का?' विचारत होते. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं..."

"मग काहून न्हाई म्हणलात?"

"म्हणवलंच न्हाई."

मी उठून सरळ एसटीत बसले. पुसेगाव येईपर्यंत त्याच्यावर चिडायचा लई प्रयत्न केला. जमेना.

शनिवारी तो आपणहून आमच्या दारात उभा. जय भीम घातला, बाबांपुढं बसला, चूक सगळी आपली म्हणाला आणि सांजपेपरात उद्या छापायचा खुलासा वाचून दाखवला: 'सदर युवक व युवती यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही.' शेवटाला आवाज पार खाली गेला.

बाबांनी मान डोलावली. "बराबर हाय. करुणा, छापायचं ना असंच?"

नुसतं हो म्हणायचं होतं. नोकरी माझीच होती. रत्नपाल जमिनीकडं बघत होता, कान लालबुंद.

"नका छापू, बाबा," मी म्हणाले. "आता... आता हे खोटं पडंल."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"सांड आला तवा तुमी एकमेकाला वळखतबी नव्हता?"

दोघांनीही माना हलवल्या.

"म्हंजी बातमी खरी हाय, आठ दिवस आधी छापली एवढंच." बाबांनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि दोन तुकडे केले. "पोरी, सोमवारी कामाला जा. अन् तू रं, आई-बापाला घिऊन ये घरी. पण ते यायच्या आधी पेपरात देऊ नको."