किल्लीवाचून

जुनी डिझेल गाडी बघायला जाताना नवऱ्याने कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिने पोरीला कडेवर घेतलं. पोरीला रात्री-अपरात्री धाप लागायची, आणि स्कूटर नेमकी तेव्हाच रुसून बसायची. तिला एका फटक्यात सुरू होणारी गाडी हवी होती. मग रंग कसला का असेना.

गाडीवाल्या काकांनी शेड उघडली. "महिनाभर हात लावलेला नाही," म्हणाले, नवऱ्याला किल्ली दिली आणि चहा टाकायला घरात गेले.

शेडमध्ये संध्याकाळचा मळकट अंधार, डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. नवरा टायरला लाथा घालू लागला.

"टायर बघताय की सूड घेताय? बसा आत. थंड इंजिन कसं उठतं ते कळू दे."

तो बसला. जरा वेळाने इंजिन घरघरलं. ना खोकला, ना धूर. तिने बॉनेट उचललं. तिच्या भावाने शिकवलं होतं, चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवायचं, उडालं तर इंजिन गेलेलं. हे उडालं नाही. नुसतं हळूच वर व्हायचं, खाली बसायचं... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. बघता बघता तिच्या खांद्यावर पोरही गाढ झोपली.

"करा बंद," ती खुशीत म्हणाली.

खिडकीतून नवऱ्याचा पांढराफटक चेहरा बाहेर आला. "अगं... चालू कुठे केलीय? किल्ली... शिरतच नाहीये."

इंजिन आपलं चालूच.

तेवढ्यात काका चहा घेऊन आले. "अहो, मघाशी कपाटाची किल्ली दिली मी! गाडीची ही."

वडीलधारं दारात दिसल्यासारखं इंजिन गप्प झालं.

"चल, निघू," नवरा कुजबुजला.

"का? स्कूटरला किका मारून पाय सुजतो तुमचा. ही न सांगता उठते!" ती काकांकडे वळली. "खरं सांगा, काही दोष?"

काकांनी मान खाजवली. "दोष नाही हो... फक्त मागे दोघांचीच जागा धरा."

तिने मागचं दार उघडलं. सीट रिकामी. पण गाडी त्या बाजूला चांगलीच दबलेली, कुणी अंगाने भरलेलं माणूस बसल्यासारखी. पोरीच्या ओझ्याने तिचा हात केव्हाचा भरून आला होता.

"जरा... सरकता का?" ती हळूच म्हणाली. "लेकरू आजारी आहे हो."

स्प्रिंगा कुरकुरल्या. दबलेली बाजू सावकाश वर आली... आणि पलीकडची खाली बसली.

तिने सीटवर हात ठेवून पाहिला. उबदार होती.