आबांचा मैल

“आबा, मी कोण?”

तीन शब्दांचा प्रश्न. पण तो विचारायला मोनालीला जळगाव ते एरंडोल एवढा रस्ता लागला.

डेअर डिंपलचं होतं. आदल्या संध्याकाळी मेहरूण तलावाच्या कठड्यावर बसून तिघी शेवपुरी खात होत्या, मोनाली, डिंपल आणि दिपमाला. विषय निघाला मोनालीच्या आजोबांचा, आबांचा. डिंपल म्हणाली, “त्यांना खरंच कोणी ओळखू येत नाही? तू विचार ना, मी कोण म्हणून. आणि व्हॉइस नोट टाक ग्रुपवर. नाही टाकली तर तू फट्टू!”

आता मोनालीला कोणी फट्टू म्हणावं? दहावीला ब्याण्णव टक्के, वक्तृत्वाची ढाल कपाटावर, आणि गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी ही पोरगी आता रिक्षावाल्याशीही हुज्जत घालून पाच रुपये सोडवून आणायची. तेव्हा दुसऱ्या दिवशी एरंडोलचा पांडववाडा बघून मम्मी-पप्पा, आबा आणि ती गाडीत बसले, आणि तिने मोबाईल ओढणीखाली धरून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

आबांनी तिच्याकडे वळून बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, जसं एखादा फलक वाचावा तसं. मग म्हणाले, “तीनशे बारा.”

“काय?”

“तीनशे बारा,” आबा म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.

मोनाली खळखळून हसली. नोट गेली. दोन मिनिटांत ग्रुपवर हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग मोनालीने मान वर केली तर पुढच्या आरशात पप्पांचे डोळे होते, आणि ते हसत नव्हते.

पप्पांनी, म्हणजे पोस्टातल्या धम्मपाल भाऊंनी, या दोन दिवसांना ‘खान्देश दर्शन’ असं नाव दिलं होतं. पांडववाडा, पारोळ्याचा किल्ला, धुळ्याजवळचा लळिंग, मग साक्रीकडून बळसाण्याची जुनी मंदिरं. मम्मीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं असं सगळं बांधून घेतलं होतं. पण डिकीत पिशव्यांच्या खाली आबांची लोखंडी पेटी होती. दोन दिवसांच्या सहलीला कोणी सगळे कपडे, चष्म्याचा जुना डबा आणि आजी भागाबाईचा फोटो घेऊन जात नाही. साक्रीच्या पुढे एक संस्था होती. म्हाताऱ्या माणसांची. अर्ज भरून झाला होता, एक खाट मिळाली होती. बळसाणं बघायचं, आबांना संस्थेत सोडायचं आणि तिघांनी परत यायचं.

कोणी वाईट नव्हतं यात. मम्मी नर्स, तिची सकाळची ड्यूटी. आबा दोनदा घरातून निघून गेले होते. दोन्ही वेळा भर दुपारी हायवेवर सापडले, हातात बादली. डांबरावर पाणी ओतत होते. एकदा तर ट्रक हातभर अंतरावरून गेला.

पण पहिलं वाक्य मोनालीचं होतं. जानेवारीत, सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी, ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली होती, “माझ्या खोलीत आम्ही दोघं नाही मावत. एकतर आबा, नाहीतर मी.” तिने ते वक्तृत्वाच्या आवाजात म्हटलं होतं. छान ठसक्यात. त्यानंतर घरात साक्रीचं नाव निघायला लागलं.

पारोळ्याच्या किल्ल्यात आबा आत आलेच नाहीत. पप्पा खंदकाची माहिती सांगत होते, मम्मी रुमालाने वारा घेत होती, आणि आबा दरवाजाबाहेरच्या एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून बोटांनी माती उकरत होते. मोनाली बोलवायला गेली तर त्यांनी खोडाभोवती हातभर रुंदीचं गोल आळं करत आणलं होतं.

“आबा, चला ना. हात बघा कसे झाले.”

“पानी टाकनं शे,” आबा म्हणाले.

तिने आपली बाटली दिली. आबांनी ती सगळी आळ्यात ओतली, एक थेंब स्वतः न पिता. त्यांच्या नखांच्या कडांना अजून तांबूस रंग होता. गेरूचा. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी तो गेला नव्हता.

आबा बांधकाम खात्यात मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्यांचा. त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेची झाडं जगवायची, खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारून वर नंबर टाकायचे. आबांचा तुकडा मुकटीच्या पुढे होता, धुळ्याच्या अलीकडे. मोनाली लहान असताना तिथं दोन्ही बाजूंनी निंब होते, फांद्या वर एकमेकांत गेलेल्या. मग रस्ता चौपदरी झाला, सगळे निंब तोडले गेले. ती दुसरीत होती तेव्हा.

मुकटी मागे पडलं आणि आबा ताठ बसले. काच खाली केली. एसीची हवा गेली, बाहेरची भट्टी आत आली.

“आबा, अहो ऊन!” मम्मी म्हणाली.

“राहू दे,” पप्पा हळूच म्हणाले.

आबांनी कोपर खिडकीवर ठेवलं, हात बाहेर काढला आणि म्हणाले, “एक.”

थोड्या वेळाने, “तीन.”

मग, “पाच. सात.”

मोनालीने आबांकडे बघितलं. आकडेही विसरले हे. मधले गाळायला लागले. तिला ती व्हॉइस नोट आठवली, आणि पहिल्यांदाच वाटलं की ती परत घेता आली असती तर बरं.

“एकवीस. तेवीस.”

तेव्हा तिला ते दिसलं.

आबांच्या हातावर सावली पडत होती. मनगटापासून बोटांपर्यंत सरकत जायची, ऊन यायचं, मग पुढची सावली. सावली पडली की आबा आकडा म्हणायचे. दर वेळी. आधी नाही, नंतर नाही.

मोनालीने वाकून बाहेर बघितलं. खांब असणार. पण विजेचे खांब पलीकडे शेतात होते, लांब. कमान नाही, पूल नाही, फलक नाही. पांढरी पट्टी, डांबर, आणि त्यापलीकडे नांगरून टाकलेलं काळं रान. आकाशात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता.

ती विज्ञान घेणार होती. तिने मोबाईल काढला आणि व्हिडिओ घेतला. लगेच चालवून बघितला. आबांचा हात, लख्ख ऊन, आबांचा आवाज. “त्रेसष्ट. पासष्ट.” सावली कुठेच नव्हती.

मोबाईल खाली केला. हातावर सावली होती. कडा तुटक, मधे उन्हाचे बारीक ठिपके. खांबाची सावली अशी नसते.

“पप्पा,” ती म्हणाली, “आबांची झाडं कशी होती हो? म्हणजे नंबर?”

“डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम,” पप्पा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. “एक, तीन, पाच इकडे. दोन, चार, सहा तिकडे. मला पाठ होती. शाळेत पाढे आले नाहीत, पण आबांची झाडं यायची. एकूण तीनशे अकरा.”

म्हणजे आबा काहीच विसरले नव्हते. आबा त्यांच्या बाजूची म्हणत होते.

मोनाली उजव्या खिडकीशी बसली होती. त्या बाजूला आता दुभाजक होता, गुडघ्याएवढी कण्हेर लावलेला. तिने काच खाली केली. ऊन चटकन चावलं. तिने आबांसारखा हात बाहेर काढला.

काही झालं नाही.

मग झालं. आधी थंडावा, मग काळेपणा. तळहातावरून ओलं फडकं फिरवावं तसं काहीतरी सरकून गेलं. परत ऊन. परत गार.

“एकशे एक,” आबा म्हणाले.

“एकशे दोन,” मोनालीच्या तोंडून गेलं.

आबांनी मान वळवली नाही, पण त्यांच्या गालाची सुरकुती हलली. “एकशे तीन.”

“एकशे चार.”

“काय चाललंय तुमच्या दोघांचं?” मम्मी हसून मागे वळली. बऱ्याच दिवसांनी तिने आबांकडे असं बघितलं होतं. “अंताक्षरी?”

मोनाली पुढच्या सावलीची वाट बघत होती. तिला घाम आला होता आणि तिच्या हाताला थंडी वाजत होती. भीती वाटत होती का? वाटत होती. पण हात आत घ्यावासा वाटत नव्हता, हेही खरं. एकदाही ती चुकली नाही, सावलीच सांगत होती. दोनशे ओलांडले. अडीचशे. पप्पांनी गाडीचा वेग कधी कमी केला ते कोणालाच कळलं नाही. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे निघून जात होते.

“बठ्ठा शेतस,” आबा मधेच म्हणाले, कोणाला तरी हजेरी दिल्यासारखं. “एक भी कमी नही.”

“तीनशे दहा,” मोनाली म्हणाली.

“तीनशे अकरा,” आबा म्हणाले.

मग त्यांनी हात आत घेतला, मांडीवर ठेवला. मैल संपला होता.

मोनालीचा हात अजून बाहेर होता.

सावली आली.

तिच्याबरोबर एक वास आला, नुकतंच पाणी घातलेल्या आळ्याचा. मोनाली वाट बघत राहिली, आता सरकेल, आता ऊन येईल. तिने मनात दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. गाडी चालली होती. कण्हेरीची झुडपं मागे पळत होती. सावली हातावर तशीच होती.

तिने हात आत घेतला. सावली मांडीवर आली.

“आबा,” तिने विचारलं, “तीनशे बारावं कुठंय?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. सकाळसारखंच, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग गेरूच्या नखाचं बोट तिच्या खांद्यावर ठेवलं.

“हाई शे ना,” ते म्हणाले. “तू व्हयनी तवय लावं मी.”

पप्पांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढून ते मागे वळले.

“तू झालीस त्या सकाळी आबा दवाखान्यात नव्हतेच,” ते म्हणाले. “दुपारी उगवले, कोपरापर्यंत माती. आई केवढी चिडली होती, नात झालीये आणि तुम्ही कुठं भटकताय म्हणून. रिटायर झालेला माणूस. नुसते हसत होते. मला वाटायचं तीनशे अकराच होती.”

मम्मीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मोनालीने मोबाईल काढून ग्रुपवर लिहिलं, त्यांना माहितेय मी कोण ते. डिंपलचा लगेच प्रश्न आला. तिने मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला.

पण या सगळ्याने साक्री रद्द झालं नव्हतं. धुळं ओलांडताना पप्पा हळू आवाजात फोनवर कोणाला तरी सांगत होते, “हो, उद्या तीनपर्यंत पोहोचतो. कागद आहेत बरोबर.” मम्मी काचेबाहेर बघत होती. आबांना झोप लागली होती, डोकं मोनालीच्या खांद्यावर.

लळिंगला पोहोचले तेव्हा बारा वाजत आले होते. किल्ला वर डोंगरावर पांढऱ्या उन्हात तरंगल्यासारखा दिसत होता. या दिवसांत धबधबाही नसतो, नुसता कोरडा कडा. गाडी उभी केली ते पायथ्याचं मैदान सपाट, मुरमाचं. झाड सोडा, काटेरी झुडूपसुद्धा नाही.

“वर नको जायला,” पप्पा म्हणाले. “इथूनच बघू. फारुकींच्या काळातला आहे. दोन फोटो काढू आणि निघू.”

मम्मीने डोक्यावर ओढणी घेतली. पप्पांनी कपाळावर हाताचं छप्पर केलं. दोघं गाडीपासून दहा पावलांवर उभे राहिले. मोनालीने आबांना हाताला धरून उतरवलं. आबा टोपी घालणार होते. मग त्यांनी वर बघितलं आणि टोपी खिशात ठेवली.

“पप्पा, मम्मी,” मोनाली म्हणाली. “मला काहीतरी सांगायचंय.”

तिने वक्तृत्वाचा आवाज लावला नाही. साधाच लावला.

“आबा साक्रीला जाणार नाहीत. माझ्या खोलीत राहतील.”

“मोनू, आपण बोललोय यावर,” मम्मी म्हणाली. “माझी सकाळची ड्यूटी असते. तू क्लासला जाशील. डिंपल, दिपमाला, तुमची तिघींची सकाळची बॅच ठरलीये.”

“मी दुपारची घेईन. सकाळी मी घरी. तुम्ही आलात की मी जाईन.”

“आणि ते परत बाहेर पडले तर?”

“तर मी बरोबर असेन. दुसरी बादली घेऊन.”

“बाळा, हे असं भावनेच्या भरात…” पप्पा बोलायला लागले, आणि थांबले.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. खाली बघत होते. मम्मीनेही त्यांची नजर जिथं गेली होती तिथं बघितलं. तिच्या हातातली ओढणी सुटली.

मुरमावर, मोनाली आणि आबांच्या पायांभोवती, सावली पसरली होती. गोल, दाट, कडांना तुटक. सोळा वर्षांच्या निंबाची पडते तेवढी. वारा नव्हता. पण सावलीतले उन्हाचे ठिपके हलत होते.

वरून, जिथं काहीच नव्हतं तिथून, एक पिवळी निंबोळी पडली आणि पप्पांच्या बुटापर्यंत घरंगळत गेली.

“ठरलंय माझं,” मोनाली म्हणाली, आणि आबांना जरासं जवळ ओढून बाजूला जागा केली. “आता उन्हात उभे राहू नका. या इकडे. मावतो आपण चौघं.”