नवरीचे अंगठे

"हात लावू नका, पडेल तो!"

आवाज काचेच्या कपाटातून आला होता. आणि कपाटात तर सांगाड्याशिवाय कोणी नव्हतं!

पुढच्या क्षणी तळघरात एकच गोंधळ उडाला. एका बाईंनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना घट्ट मिठी मारली, कॉलेजातले दोन धट्टेकट्टे तरुण जिन्याकडे पळाले, आणि लोकांना घाबरवून घाबरवून ज्याचं पोट भरत होतं तो गाईडच "आई गं!" म्हणून मागे सरकला, तो थेट मुखवट्यांच्या भिंतीवर आदळला. मेलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून घेतलेले ते प्लास्टरचे मुखवटे. त्यातला एक त्याच्या कुशीत येऊन पडला, तेव्हा तर तो दुसऱ्यांदा ओरडला.

सांगाड्याच्या घोळदार रेशमी पोशाखामागून एक मुलगी रांगत बाहेर आली. केसांत जळमटं, हातात पक्कड, दातांत पितळी तारेचा तुकडा.

"सॉरी हं," तार काढून ती म्हणाली. "मागचा खिळा बघत होते. चालू द्या तुमचं."

चालू द्या म्हणे! गाईडने मुखवटा जागेवर टांगला, शर्ट नीट केला आणि आवाज पुन्हा खोल नेला. "तर मंडळी... हीच ती नवरी. लग्नाच्या दिवशी नवरदेव आलाच नाही. ती दारात उभी राहिली. अन्न सोडलं, पाणी सोडलं... आणि उभ्या उभ्या प्राणही सोडला—"

"उभ्या उभ्या कोणी मरत नाही," ती मुलगी गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाली. "आणि ही नवरी नाहीच. पुरुष आहे हा. कंबरेचं हाड बघा ना, किती अरुंद आहे."

आधी एक जण फिसकन हसला. मग सगळेच. गाईडचे कान लालबुंद झाले. त्याला राग आला होता, यात शंका नाही. पण रागावतानाही त्याच्या लक्षात आलं की तिच्या नाकाच्या शेंड्यावर प्लास्टरचा पांढरा ठिपका आहे, आणि तो पुसून टाकावा असं आपल्याला फार वाटतंय.

शहरात बागा होत्या, राजवाडे होते, नदीकाठ होता. ते सगळं पाहून झालं आणि तरी जिवाला काहीतरी कमी वाटलं, की लोक या तळघरात उतरत. बरणीतलं दोन तोंडांचं कोकरू, मेणाची मुंडकी, फाशीचा दोर... अशा गोष्टींचं ते खाजगी संग्रहालय गाईडच्या आत्याचं. तिकिटं तीच फाडायची. आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे ही नवरी. मागच्या आठवड्यात, ऐन गोष्टीच्या रंगात नवरीचे दोन्ही हात गळून पडले, म्हणून आत्याने वैद्यकीय कॉलेजांसाठी सांगाडे जोडणाऱ्या या मुलीला बोलावलं होतं.

"बाई गं, तुला हात जोडायला बोलावलं," आत्या तिकीट खिडकीमागे कपाळाला हात लावून बसली होती, "आणि तू माझं दुकानच मोडायला निघालीस!"

"मी सांगाडा जोडून देईन. अगदी नीट देईन. पण हा पोशाख परत चढवणार नाही."

"अगं, पण लोक नवरी बघायला येतात!"

"मग लोकांना खोटं दाखवलं जातंय. चढवायचाच असेल तर दुसरं कुणी बघा, आत्या."

दुसरं कुणी शहरात नव्हतं, हे आत्याला ठाऊक होतं आणि तिलाही. आत्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आपल्याएवढीच हट्टी मुलगी आत्याला पहिल्यांदाच भेटत होती.

"ठीक आहे," शेवटी आत्या म्हणाली. "येत्या रविवारी पोशाखाशिवाय दाखवू. तुझं ते खरंखुरं सांगू. लोक रमले, तर तू जिंकलीस. कंटाळून वर निघून गेले, तर सोमवारी नवरी पुन्हा नटणार... तीही तुझ्याच हातांनी. कबूल?"

"कबूल."

"आणि सांगणार कोण? मी नाही सांगायचा!" गाईड मध्येच म्हणाला.

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "का? घाबरलात?"

"मी? घाबरलो?"

"नाही, मघाशी 'आई गं' ऐकलं, म्हणून विचारलं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून गडी दुपारचा शो संपला की तिच्या टेबलासमोर स्टूल टाकून हजर. अभ्यासाला येतो, असं त्याचं म्हणणं होतं. असेलही बापडा.

टेबल तळघराच्या एकुलत्या एक खिडकीखाली होतं. त्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. एकदा लाल बुटांची जोडी बराच वेळ समोर घुटमळत राहिली.

"कुणाची तरी वाट बघतेय," तो म्हणाला. "रुसवा झालाय. तो येईल, माफी मागेल..."

"डावी टाच जास्त झिजलीय. कंबर दुखत असेल तिची."

"तुम्हाला कधीच काही सुचत नाही का हो? म्हणजे... असं, आपलं आपण?"

"सुचतं ना. बोलत नाही."

"का?"

तिने पक्कड खाली ठेवली. "माझे बाबा कारखान्यातल्या अपघातात गेले. आमच्या गल्लीत त्यावर तीन गोष्टी फिरल्या. एकीत ते दारू प्यायले होते. दुसरीत कर्जबाजारी होते. तिसरीत तर कुणाबरोबर तरी पळून गेले होते... आई कितीतरी दिवस खिडकी उघडायची नाही. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही हो. म्हणून त्याच्या नावावर कुणीही काहीही खपवायचं?"

एरवी प्रत्येक गोष्टीवर टाळी मागणारा तो उठला, तिच्यासाठी चहा घेऊन आला, आणि तोही काही न बोलता तिच्यापुढे ठेवला. तिला ते आवडलं. इतकं आवडलं, की तिने मुद्दाम कपाळाला आठी घातली.

सुट्टीच्या दिवशी त्याने तिला शहर दाखवायला नेलं. बाकीची मुलं बागेत नेतात, सिनेमाला नेतात; याने तिला जुन्या तुरुंगातल्या फाशीच्या चौथऱ्यावर नेलं. मग बंद पडलेल्या शवागारात, जिथे संगमरवरी टेबलांवर आता शाळेची मुलं चित्रं काढत बसली होती. आणि ऊन उतरताना जुन्या दफनभूमीतल्या घंटेपाशी. चुकून कुणी जिवंत पुरला गेलाच तर आतून ओढता यावी, म्हणून थडग्यावर बांधलेली ती घंटा.

"लोक म्हणतात, एकदा ही खरोखर—" एवढं बोलून तो थांबला. तिच्याकडे पाहिलं. "वाजली की नाही... मला माहीत नाही."

"काय म्हणालात?"

"माहीत नाही, म्हणालो."

ती हसली. तिचं असं मोकळं हसणं त्याने पहिल्यांदाच पाहिलं. येताना दोघं एकमेकांपासून जरासं अंतर ठेवून चालत होते, आणि ते अंतर कमी कसं करावं हे काही त्याला अख्ख्या रस्त्यात जमलं नाही.

शनिवारी दुपारी हातांचं काम निघालं. हातांची हाडं म्हणजे खडेच की नुसते! पन्नासेक बारीक तुकडे, एकापुढे एक ओवायचे. डोळ्यांपुढे नमुना असावा म्हणून ती नेहमी स्वतःचाच हात पालथा-उताणा करून बघायची.

"माझे घ्या की नमुन्याला," त्याने समोरून दोन्ही हात टेबलावर पसरले. "तेवढाच माझाही हातभार."

नको म्हणायला हवं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण तिने त्याचा हात हातात घेतला... तळवा गरम होता. बोटाच्या टोकाने ती मनगटापासून एकेक हाड चाचपत गेली—हे, मग हे, मग हे.

"गुदगुल्या होताहेत?"

"नाही... म्हणजे, हो. पण थांबू नका."

ती थांबली नाही. वर खिडकीतून पायांच्या कितीतरी जोड्या गेल्या. एकीकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

रविवारी तळघर गच्च भरलं. पोशाख नसलेला सांगाडा काचेत उभा होता, आणि कपाटाशेजारी ती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आत्या हाताची घडी घालून उभी. आज लोक वर निघून गेले, तर उद्या त्या मुलीच्याच हातांनी या माणसावर ते खोटं चढणार होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, समोरचा हा गोड जिभेचा माणूस पुन्हा रोज ते खोटं सांगणार होता. मग त्याच्या समोर बसणं तिला जमलं नसतं. मन कितीही म्हणालं असतं, तरी.

"मंडळी," तो म्हणाला, "आजवर मी इथे एका नवरीची गोष्ट सांगायचो. ती खोटी होती. हा पुरुष आहे. त्याचं नाव मला माहीत नाही. कसा गेला, तेही माहीत नाही. पण त्याचे पुढचे दात बघा... ती बारीक खाच दिसते? वर्षानुवर्षं दाताने दोरा तोडला की पडते तशी. शिंपी असावा. 'असावा' म्हणतोय हं! 'होता' म्हणालो, तर या बाई माझी हाडं मोकळी करतील."

लोक हसले, पण कोणी हललं नाही. उलट पुढे सरकले, काचेला नाकं लावून बघू लागले. कितीतरी जणांची जीभ आपल्याच दातांवरून फिरत होती. मागे आत्याची हाताची घडी सुटली.

जमलं! जमलं की!

"एक विचारू?" पुढे उभ्या असलेल्या काठीवाल्या आजोबांनी चष्मा सावरला. "तळवे समोर आहेत, मग याचे अंगठे असे आतल्या बाजूला कसे?"

तिने सांगाड्याकडे पाहिलं... आणि मग स्वतःच्या हातांकडे. तिचा चेहरा पाहून तोही समजला. आणि त्याने क्षणाचाही विलंब लावला नाही.

"सुई धरून धरून, आजोबा! जन्मभर शिवत बसला, अंगठे आत वळले ते वळलेच. मरणानंतरसुद्धा सरळ झाले नाहीत..."

"अरेरे!" सगळं तळघर हळहळलं. कुणीतरी तर डोळे पुसले. आत्याने जिन्यावरून अंगठा उंचावून दाखवला.

तिने गप्प बसायचं होतं, बस. पैज जिंकलेली होती. हा आपल्याला वाचवतोय, आपल्यासाठी खोटं बोलतोय, याने तिचं काळीज भरूनही आलं. आणि त्याच वेळी तिने ठरवलं, की नाही. हे असं नाही चालायचं.

"खोटं आहे ते," ती म्हणाली.

"अगं—" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"खोटं आहे. अंगठे वळलेले नाहीत. मी हात उलटे लावलेत. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. चूक माझी आहे."

आत्याने भिंतीचा आधार घेतला. आजोबा मात्र हटायला तयार नव्हते. "इतकी मोठी चूक? तुमच्यासारख्या जाणकाराकडून? ती कशी काय झाली?"

दिवा मंद होता, म्हणता आलं असतं. घाई झाली, म्हणता आलं असतं. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा आपल्या चपलांकडे. मग तिने मान ताठ केली.

"नमुन्याला मी नेहमी माझा हात धरते. काल याचा धरला. हा समोर बसला होता. समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण काल मला काहीच आठवत नव्हतं. कारण मी... मी हाडं बघतच नव्हते."

"मग काय बघत होतीस?" आत्याने जिन्यावरून विचारलं.

"ह्याला!"

बोलून बोलून लोकांना रडवणारा तो—त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अहो, बोला की काहीतरी!" गर्दीतल्या एक काकू कळवळून म्हणाल्या.

"मला... काही सुचतच नाहीये."

"सुचायला नकोच आहे," ती म्हणाली. तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. "जे असेल ते सांग. नसेल, तर नाही म्हण."

"आहे," तो म्हणाला. "तू काचेतून ओरडलीस ना, तेव्हापासून आहे. आवडतेस तू मला. आणि आता तुझ्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही, हेही लिहून घे... म्हणजे, ऐकून ठेव."

काकूंनी टाळी वाजवली, मग कुणी वाजवली नाही असं झालं नाही. आजोबांनी काठी आपटली. "ते सगळं छान झालं हो. पण या बिचाऱ्याचे हात सुलटे कधी करणार? ते बघितल्याशिवाय मी काही हलायचा नाही!"

"मीपण नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्यामागून आणखी आवाज आले.

आत्या गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने किल्लीने कपाट उघडलं. "करा सुरू. आणि लोकांना दिसेल असं उभं राहा."

तिने पक्कड उचलली. डाव्या मनगटाची तार सैल केली, आणि मागे न बघताच म्हणाली, "हात धर."

"कुणाचा?"

"आधी त्याचा."

तो हसत पुढे झाला, आणि त्याने तो हात खालून अलगद पेलून धरला.