डचेस युडिटाचा कंदील

सर्व संतांच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी चर्चच्या तळघरात दिवे लावायला जातो. लाल काचेतले, मेणाचे. स्ताविनच्या जुन्या संस्थानिकांच्या कथलाच्या शवपेट्या तिथे आहेत. ते आमचे कुणी नव्हेत. महायुद्धानंतर सरहद्दी सरकल्या आणि आम्हाला पूर्वेकडून मालगाडीत भरून ओद्रा नदीकाठच्या या स्ताविन गावात आणून सोडलं. आई म्हणाली, "आपली माणसं तिकडच्या मातीत राहिली. यांना आपण दिवा लावू. त्यांना तिकडे लावेल कुणीतरी." तेव्हापासून तळघराची किल्ली आमच्याच घरी असते.

संस्थान एवढंसं, की ड्यूक जेवताना शिंकला तर शेजारचा ड्यूक आपल्या ताटावरून "जपा हो" म्हणायचा, अशी इथे थट्टा चालते. पण माणसं मोठ्या मनाची. पहिल्या घराण्यातला शेवटचा ड्यूक निपुत्रिक गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याची ढाल पेटीवर आपटून फोडली. घराणं संपलं, असा त्याचा अर्थ. किल्ल्यात नवं घराणं आलं. विधवा युडिटाला त्यांनी माहेरी जायला सांगितलं. ती म्हणाली, "ढाल फुटली. कंदील शाबूत आहे." आणि वेशीवरच्या खोलीत राहिली. धुकं पडलं की कंदील घेऊन नदीच्या बांधावर फिरायची, चुकलेल्या नावाड्यांना काठाला आणायची. मरेपर्यंत. नव्या घराण्यानेच मग तिला आपल्या मृतांच्या मधोमध जागा दिली. मी तिच्या पेटीशी गेलो की टोपी काढतो.

एका वर्षी तळघरात जायला निघताना माझी बायको गेनिया म्हणाली, "जा म्हाताऱ्या, तुझ्या राण्या खोळंबल्यात. मी बांधावर यानेकला दिवा ठेवून येते."

यानेक तिचा भाऊ. आम्ही आलो त्याच वर्षी नदीत गेला.

"मी येईपर्यंत थांब ना. मोतीबिंदू झालाय तुला."

"तुझं तोंड दिसतंय अजून. पुरे नाही का तेवढा त्रास?"

मी तळघरातून वर आलो तेव्हा धुकं पायरीला टेकलं होतं. घरी दिवा नव्हता. चूल गार. मी तसाच बांधाकडे धावलो.

"गेनिया... गेनिया गं..."

नुसतं पाणी वाजत होतं. गाळाचा वास येत होता. माझाच हात मला दिसेना. मग खालच्या अंगाला एक पिवळा उजेड हलला. हळूहळू जवळ आला, आणि विझला. तिथून गेनिया एकटीच चालत आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"कुठे होतीस गं?"

"पाय पाण्यात गेला होता... तिने ओढलं."

"कुणी?"

"कंदीलवाली बाई होती. हात कथलासारखा गार... इथवर आणलं मला."

मी तिला शालीत गुंडाळलं. माझेच दात वाजत होते.

"काही बोलली?"

"तिची भाषा कुठे येते आपल्याला? पण जाताना थांबली. माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी विचारलं. दोनदा विचारलं."

"मग?"

"मी हो म्हणून मान हलवली. जीव वाचवला तिने. नाही कसं म्हणणार?"

युडिटाचे उपकार मी विसरलेलो नाही. तिच्यापुढे दिवा अजून मीच लावतो. पण धुकं पडलं की संध्याकाळीच दाराला कुलूप घालतो आणि किल्ली गळ्यात बांधतो. गेनिया माझ्या शेजारी गाढ झोपते. सकाळी तिच्या झग्याची कड ओली असते.

परवा सकाळी झिगमुंट कोळी दारात आला. हातात भलामोठा मासा.

"काकूंना द्या. काल त्या बांधावर नसत्या तर बुडालोच होतो."

"काकू घरात होत्या, झिगमुंट."

"चेष्टा करता होय, काका? कंदील वर धरून उभ्या होत्या की. दोघी."

आत गेनिया कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

आमच्या घरात कंदील नाही. कधीच नव्हता.